दोन्हीकडून खूण पटवणारे मन्मथअप्पा

आदरणीय मन्मथअप्पांची आणि माझी पहिली ओळख झाली ती मी त्यांच्या दुकानाच्या दारात छत्री लावली म्हणून. उदगीरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अप्पांचे टेलिफोन दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. मी तेव्हा एका मोबाईल कंपनीची सिमकार्डे विकत असे. कंपनीने एक मोठी रंगीत छत्री, घडीचे टेबल आणि अंगठा घेण्याचे यंत्र दिले होते. सावली आणि वर्दळ पाहून जिथे जागा मिळेल तिथे बसायचे. त्या दिवशी सावली अप्पांच्या दारात होती.

अप्पा सदऱ्याची बटणे लावत बाहेर आले. आता हे आपल्याला हाकलणार, असे समजून मी आधीच टेबल आवरायला लागलो होतो.

"काय विकून राहिलास बाबा?" त्यांनी विचारले.

"सिम."

"कोणतं?"

"फोर जी."

"म्हंजे?"

"नवीन."

"जुन्यात काय खराबी हाय?"

"त्याच्यात फोर जी चालत नाही."

"कामून चालत न्हाई?"

मी टेबलावरची कार्डे सारखी करू लागलो. अप्पा तिथेच उभे राहिले. ते खरोखर उत्तराची वाट पाहत होते, हे मला फार पुढे समजले. त्या वेळी मात्र वाटले की म्हातारा माणूस आपली फजिती करतो आहे. मी छत्रीची दोरी सोडायला घेतली, तसे ते म्हणाले, "छत्री राहू दे. जवाब घावला की मला सांग." आणि आत गेले.

अप्पांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी बहुतेकांना अप्पा टेलिफोन खात्यातले म्हणून माहीत आहेत. जमिनीखालच्या केबलचे जोड मारणारे म्हणून त्यांचे नाव होते. तो काळ मी पाहिलेला नाही. मी कंधार तालुक्यातला, बारावीचे दोन विषय राहिलेला. गौरव समितीने मला अप्पांचे कार्य, मूल्ये आणि माया या तिन्हींवर लिहायला सांगितले आहे. मी तीन वेगळे कागद घेऊन बसलो होतो. पण प्रत्येक कागदावर तीच एक हकिगत येऊ लागली. म्हणून तीच सविस्तर लिहितो.

अप्पांच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. नांदेडला कंपनीची एक बैठक झाली, तिथे साहेबांना विचारले. ते म्हणाले, "नव्या कार्डात मेमरी जास्त असते." माझ्याबरोबर छत्रीवर बसणाऱ्या दुसऱ्या एकाने सांगितले, "काही फरक नसतो, विकण्यासाठी काढलंय." एका गिऱ्हाइकाने सांगितले की नव्या कार्डातून सरकारला सगळे ऐकू जाते. एका शिक्षकांनी सांगितले की नव्या लहरी बारीक असतात, म्हणून कार्डही बारीक लागते. मी ही सगळी उत्तरे वहीत एकाखाली एक लिहिली. प्रत्येक उत्तर वेगळे होते आणि प्रत्येक माणूस ठामपणे बोलत होता. माझा गोंधळ वाढला.

शेवटी मी शिक्षकांचे उत्तर धरले, कारण ते डोळ्यांना दिसत होते. पूर्वीचे कार्ड मोठे होते, मग मधले आले, मग नखाएवढे. सेवा नवी होत गेली तसे कार्ड लहान होत गेले. याचा अर्थ मी असा लावला की लहान असणे हाच त्याचा प्रकार. बाजारात कार्ड कापायचे एक यंत्र मिळते, कागदाला पिना मारायच्या यंत्रासारखे. ते मी घेतले. ज्यांचा फोन नवा आणि कार्ड जुने, त्यांचे कार्ड कापून, कडा पॉलिश पेपरने घासून, अगदी नीट बसवून देऊ लागलो. काहींचे चालले. म्हणजे फोन लागत असे. त्यात फोर जी येत होते की नाही, हे मी तपासले नाही. ज्यांचे चालले नाही ते परत आले नाहीत, आणि मी त्याचा अर्थ चालले असा घेतला.

अशात एका बाजाराच्या दिवशी शांताबाई आल्या. उदगीरजवळच्या एका खेड्यातल्या, साठीच्या आसपासच्या. त्यांच्या पुतण्याने त्यांना बटणांचाच पण नवा फोन घेऊन दिला होता.

"लेकरा, माझ्या फोनात रेंज येईना," त्या म्हणाल्या. "शेजारणीच्या फोनात समद्या काड्या हायत. कंपनी तीच, टॉवर तोच. टॉवरचं माझ्याशी वाकडं हाय का?"

त्यांचे कार्ड फार जुने होते, मोठे, पिवळट पडलेले. पुतण्याने ते नव्या फोनात जात नाही म्हणून जुन्या फोनातच ठेवले होते; दोन्ही फोन त्यांच्या पिशवीत होते. गावाजवळ नव्या सेवेचा टॉवर झाला होता आणि जुन्या सेवेची रेंज कुठून तरी लांबून, कधी येई, कधी जाई. मी म्हणालो, कार्ड बदलून घ्या. यंत्रावर नंबर टाकला तर नाव पुरुषाचे आले.

"हे कोण?"

"मालक. चार वर्सं झाली जाऊन."

कार्ड बदलायचे तर ज्याच्या नावावर त्याचा अंगठा लागतो. आता या बाईंना कागदपत्रांसाठी कशाला हिंडवायचे, असे माझ्या मनात आले. मी म्हणालो, "काही काळजी करू नका, हेच कार्ड मी नवं करून देतो." आणि कापले.

जुन्या कार्डावरचा सोनेरी चौकोन नव्यापेक्षा मोठा असतो, हे मला दिसत होते. पण यंत्राला दिसत नाही. पाते त्या चौकोनातून गेले. नव्या फोनात घातले तर फोन म्हणाला, कार्ड घाला. पुन्हा काढले, पुसले, घातले. तेच.

मी शांताबाईंना म्हणालो, "कार्ड आधीच खराब असेल. आत अप्पांना दाखवा." हे वाक्य मी बोललो, हे इथे लिहिणे मला भाग आहे.

त्या आत गेल्या. मी छत्रीखालून ऐकत होतो. अप्पांनी भिंग लावून कार्ड पाहिले. त्यांनी शांताबाईंना काही विचारले नाही. ते दारात आले आणि मला विचारले, "हे कुणी कापलं?"

"मी."

"आत ये."

आत शांताबाई रडत नव्हत्या. एवढेच विचारत होत्या, की नंबर राहील ना. मग त्यांनी सांगितले. त्यांच्या एकुलत्या लेकीने, रुक्मिणीने, मनाने लग्न केले होते. वडिलांनी तिचे नाव टाकले होते. ती नवऱ्याबरोबर जहिराबादकडे बांधकामावर असते. कामाची जागा बदलते तशी तिची सिमे बदलतात. शांताबाई पूर्वीच्या नंबरांवर फोन लावतात तर कुणीतरी परके तेलुगूत बोलते. पण घरचा हा एक नंबर लेकीला पाठ आहे. वडील गेल्यावर ती दर नागपंचमीला आणि मधून कधी तरी फोन करते.

"माझ्यापाशी तिचा नंबर न्हाई," शांताबाई म्हणाल्या. "तिच्यापाशी माझा हाय. तेवढंच."

पंचमी आठ दिवसांवर होती. आणि बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, हे मला माहीत होते.

अप्पा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी शांताबाईंना पाणी दिले आणि म्हणाले, "नंबर मेलेला न्हाई बाई, कार्ड मेलंय. नंबर कंपनीच्या वहीत हाय. ह्यानं कार्ड कापलं, ह्याला मालूम नव्हतं. आता मी आणि हा मिळून आणून देतो." या वाक्यात 'मी' आधी होते. त्यांची यात काही चूक नव्हती.

शांताबाई एसटी पकडायला गेल्यावर अप्पांनी मला बसवले. "साइज म्हंजे सदरा," ते म्हणाले. "सदरा आखूड केला तर आतला माणूस शिकतो का?"

मग त्यांनी जे सांगितले ते मी जसे समजलो तसे लिहितो. चुकले तर दोष माझा. कार्डात एक गुप्त किल्ली असते, तीच कंपनीकडेही असते. फोन चालू केला की टॉवर कार्डाला एक कोडे घालतो. कार्ड त्या किल्लीने ते सोडवते. उत्तर बरोबर आले की टॉवर म्हणतो, हा आपला माणूस. जुन्या कार्डाला एवढेच येते: विचारले की सांगायचे. समोरचा टॉवर खरा की खोटा, हे त्याला विचारता येत नाही. कुणी तोतया टॉवर उभा केला तरी ते बिचारे उत्तर देऊन मोकळे होते. नव्या सेवांनी ठरवले की खूण दोन्हीकडून पटली पाहिजे. टॉवरने कार्डाला विचारायचे आणि कार्डानेही टॉवरची परीक्षा घ्यायची. त्यासाठी कार्डाच्या आत वेगळी व्यवस्था लागते. ती जुन्यात नाही, म्हणून नव्या सेवेचा टॉवर त्याला दारात घेत नाही.

"टॉवरचं शांताबाईशी वाकडं न्हाई," अप्पा म्हणाले. "त्यांच्या कार्डाला सवाल करता येत न्हाई, म्हणून वाकडं."

हे त्यांना का पटले होते, तेही त्यांनी सांगितले. तरुणपणी ते खड्ड्यात बसून केबल उघडत. शेकडो तारा असत. कोणती तार कुणाची हे ओळखायला दुसऱ्या टोकाला एक माणूस बसे. अप्पा तारेवर आवाज देत, तो "हाव, मीच" म्हणे, आणि अप्पा काम सुरू करीत. एकदा ओलाव्याने तारा एकमेकींना लागल्या होत्या. "हाव, मीच" म्हणणारा दुसराच कुणी होता, भलत्याच खड्ड्यातला. अप्पांनी तार तोडली. एका दवाखान्याचा फोन अर्धा दिवस बंद राहिला. तेव्हापासून अप्पा पलीकडच्याला विचारत, "सकाळी डब्यात काय आणलंस?" आणि तोही त्यांना तेच विचारे. दोघांनी सकाळी एकमेकांचे डबे पाहिलेले असत; उत्तरे जुळली की मगच हात लावायचा.

"लोक हसायचे," अप्पा म्हणाले. "म्हणायचे, मन्मथ तारेवर भाजी विचारतोय."

मी म्हणालो, आता मला समजले. आणि लगेच मला पुढची शंका आली. फोर जीचेच कार्ड फाइव्ह जीला चालते असे कंपनी सांगते. मग फोर जीला नवे का लागले आणि फाइव्ह जीला का नाही? शिवाय माझ्या एका गिऱ्हाइकाचे थ्री जीच्या काळातले कार्ड फोर जीत चालताना मी स्वतः पाहिले होते. ते कसे? आणि आता तर कार्डच नसलेले सिम आले आहे, फोनातच भरलेले. ते नेमके काय असते?

अप्पांनी थोडा विचार करून सांगितले, की ही व्यवस्था फोर जीतच आली, थ्री जीचे कार्ड चालायला नको. आणि आठ दिवसांनी, भर बाजारात, माझ्या छत्रीखाली तीन गिऱ्हाइके बसलेली असताना येऊन म्हणाले, "व्यंकट, त्या दिवशी मी तुला अर्धं चूक सांगितलं." त्यांनी नांदेडच्या आपल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून खात्री करून घेतली होती. थ्री जीच्या काळातल्या बऱ्याच कार्डांत ती दोन्हीकडची व्यवस्था आलेलीच होती, म्हणून ती फोर जीत चालतात. फाइव्ह जीतही तीच व्यवस्था असल्यामुळे कार्ड बहुधा चालते. पण तिथे आपली ओळख उघड्यावर न सांगता झाकून सांगण्याची सोय आहे, आणि ती पुरती हवी असेल तर त्यासाठी तयार केलेले कार्ड लागते. फोनात भरलेल्या सिमातही किल्ली तीच, फक्त सुटे कार्ड नाही.

"म्हणजे जुनं आणि नवं यांच्यातली रेघ नेमकी कुठं आहे?" मी विचारले.

"एक रेघ न्हाईच बहुतेक. लई रेघा हायत. मला समद्या म्हाईत न्हाईत," अप्पा म्हणाले.

इतक्या माणसांनी मला इतक्या ठामपणे उत्तरे दिली होती. माहीत नाही असे सांगणारे हे पहिले. खरे सांगायचे तर आजही माझा गोंधळ पूर्ण गेलेला नाही. पण कुठे समजले आहे आणि कुठे नाही, हे आता वेगळे करता येते.

शांताबाईंच्या नंबरासाठी आम्ही तिघे एसटीने लातूरला कंपनीच्या मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी पाहून सांगितले, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना अंगठ्यासाठी घेऊन या."

शांताबाई म्हणाल्या, "ते वर गेलेत माय. आणायचं तर मलाच जावं लागंल."

मॅडम ओशाळल्या. मग मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, घरच्यांची संमती, अशी यादी मिळाली. दुसऱ्या फेरीला संमतीवर पुतण्याची सही राहिली होती. तिसऱ्या फेरीला काम झाले. तिन्ही वेळा अप्पा आले. त्यांचे गुडघे दुखतात, हे त्यांनी सांगितले नाही. बसच्या पायऱ्या चढताना मला दिसले. दुकानात ते प्रत्येक वेळी आधी स्वतःचे नाव सांगत आणि मग समोरच्याचे विचारत. तिसऱ्या वेळी मॅडमनी आम्हाला पाहताच "अप्पा, बसा" म्हणून खुर्ची दिली. नवे कार्ड परतीच्या बसमध्येच चालू झाले. शांताबाई फोन खिडकीकडे धरून काड्या मोजत होत्या.

पण या सगळ्यात पंचमी होऊन गेली होती.

नंतरचे काही आठवडे मला नीट आठवतात आणि आठवावेसे वाटत नाहीत. शांताबाई दर बाजाराला येत, अप्पांच्या दुकानात फोन मांडीवर ठेवून बसत. फोन येत नव्हता. मी अप्पांना पुन्हा पुन्हा विचारत असे. तिने पंचमीला केला असेल का? केला असेल तर तिला काय ऐकू आले असेल? नंबर अस्तित्वात नाही असे, की फोन बंद आहे असे? ती पुन्हा करेल का? अप्पा दर वेळी म्हणत, "मला म्हाईत न्हाई." कोरडेपणाने नव्हे. त्यांनाही झोप लागत नसावी असे वाटे. एकदा मी म्हणालो, "आपण शांताबाईंना सांगू या, ती नक्की करेल म्हणून." अप्पा म्हणाले, "म्हाईत नसताना?"

मग एका बाजाराला फोन वाजला. अनोळखी नंबर. शांताबाईंनी उचलला आणि नुसते "माय" म्हणाल्या. मी बाहेर जाऊ लागलो, तर अप्पांनी हाताने थांबवले.

रुक्मिणी मोठ्याने बोलत होती, दुकानात सगळे ऐकू येत होते. पंचमीला तिने दोनदा फोन केला होता. नंबर लागत नाही असे रेकॉर्डवरची बाई बोलत होती. तिला वाटले, आईनेही आता बंद केले. तिने ठरवले होते, पुन्हा करायचा नाही. आज नवऱ्याने बळेच लावून दिला होता.

"न्हाई ग माय, कार्ड खराब झालं हुतं," शांताबाई म्हणाल्या.

"खरं सांग. रागानं बंद केलंस ना?"

"न्हाई ग."

"मग पंचमीलाच कसं खराब झालं?"

शांताबाईंनी अप्पांकडे पाहिले. अप्पा माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "कापलं कुणी, ते ज्यानं कापलं त्यानंच सांगावं." शांताबाईंनी फोन माझ्या हातात दिला.

मी कधी न पाहिलेल्या एका बाईला सांगितले, "ताई, मी व्यंकट. उदगीरला सिम विकतो. तुमच्या आईचं कार्ड मी कापलं. मला समजत नव्हतं, तरी कापलं. आणि खराब आधीच होतं असं खोटं बोललो. आईंनी बंद केलं नव्हतं. त्या तीनदा लातूरला गेल्या हा नंबर परत आणायला."

लाइन गेली की काय, म्हणून मी फोन कानावेगळा करून पाहिला. मग ती म्हणाली, "तुम्ही कापलं?"

"हो."

"आईनं न्हाई?"

"नाही."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि रडू लागली. मी फोन शांताबाईंना दिला. अप्पा पाठ फिरवून एका जुन्या फोनचे स्क्रू लावत होते.

आता मी छत्रीवर बसत नाही. अप्पांच्या दुकानात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. कुणाच्याही फोनला हात लावण्यापूर्वी काय बंद पडू शकते ते आधी सांगायचे, हा इथला नियम आहे. तो ऐकून काही गिऱ्हाइके घाबरून निघून जातात. अप्पा त्यांना थांबवत नाहीत.

अप्पांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत, हे कळल्यावर रुक्मिणीताईंनी परवा फोनवर विचारले, त्यांच्यासाठी काय आणू? अप्पांना साखरेचे पथ्य आहे, हे मी सांगितले. त्या म्हणाल्या, मग नुसतीच येते, लेकराला घेऊन, यंदाच्या पंचमीला, आधी उदगीरला उतरून मग गावाकडे. माझी, शांताबाईंची आणि या ग्रंथाच्या सर्व वाचकांची देवाकडे एवढीच मागणी आहे: त्या येतील तेव्हा अप्पा दुकानाच्या दारात उभे असावेत, गुडघ्यांनी त्यांना त्रास देऊ नये, आणि पुढच्या पुष्कळ पंचम्यांना तिथेच असावेत.